भरवशाची गाडी

पालकसभा आटोपली, गुणपत्रकांचें बोलणें संपलें, म्हणजे एखादे तरी पालक आम्हांस व्हरांड्यांत एका बाजूस नेतात. मुलाच्या गणिताविषयीं कांहीं विचारतील असें आम्हांस वाटत असतां ते हळूंच म्हणतात, "का जी सर, गाडी कोणती घ्यावी? भरवशाची सांगा." आमचें मोटारींचें वेड आतां कोणापासून लपून राहिलेलें नाहीं. गणित व विज्ञान शिकविणें हा आमचा व्यवसाय खरा. परंतु रस्त्यानें जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ती कोणत्या कारखान्याची, किती जुनी, आणि तिचें काय दुखतें हें ओळखण्याचा नाद आम्हांस विद्यार्थिदशेंत लागला, तो पंचेचाळिशी आली तरी सुटत नाहीं. यास्तव यंदा वार्षिकासाठीं लिहिण्याची पाळी आली, तेव्हां या प्रश्नाचें उत्तर एकदां सविस्तर द्यावें असें आम्हीं ठरविलें. तें विचारणाऱ्यांच्या पसंतीस उतरेल अशी हमी मात्र देववत नाहीं.

हा प्रश्न भंडाऱ्यास विचारला जावा हें एका अर्थीं योग्यच आहे. हें गांव पितळेच्या भांड्यांसाठीं नांवाजलेलें. पण आज या जिल्ह्याचा मोटारींशीं केवढा संबंध आहे हें आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें. वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्यावरून लाखनीकडे जातांना गडेगांव लागतें. तेथें १९८२ सालापासून अशोक लेलँडचा कारखाना आहे, आणि मालमोटारींचे व बसगाड्यांचे गिअरबॉक्स तेथें तयार होतात. वरठीस सनफ्लॅगच्या कारखान्यांत जें विशेष जातीचें पोलाद निघतें, तें मोटारींचे सुटे भाग घडविण्यास जातें. म्हणजे दूर कोठें एखादी बस घाट चढतांना गिअर बदलते, तेव्हां त्या दांत्यांचा मेळ आमच्या धानाच्या बांध्यांशेजारीं बसविला गेला असण्याचा पुष्कळ संभव असतो. अशा कामावर असलेल्या कोणासही विचारा. मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याची चूकही तेथें खपत नाहीं असें तो अभिमानानें सांगेल. त्याच गृहस्थांच्या दारांत उभ्या असलेल्या दुचाकीचें मागचें टायर तळहातासारखें गुळगुळीत झालेलें आम्हीं अनेक वेळां पाहिलें आहे.

आमच्या बालपणीं घरीं बजाज चेतक स्कूटर होती. सकाळीं ती सुरू होण्यापूर्वीं वडील तिला एका अंगावर कलती करीत, क्षणभर तशीच धरीत, मग सरळ करून लाथ मारीत. पहिल्या लाथेंत सुरू झाली तर दिवस चांगला जाणार असें आमची आई म्हणे. पावसाळ्यांत प्लग काढून तो पॉलिश कागदानें घासण्याचें काम आमच्याकडे होतें, आणि हातांस येणारा पेट्रोलचा वास शाळेंत दुपारपर्यंत टिके. आजच्या हिशेबानें ती स्कूटर मुळींच भरवशाची नव्हती. तरी सोळा वर्षांत तिनें आमच्या वडिलांस एकदांही रात्रीं रस्त्यावर टाकलें नाहीं. कारण तिच्या सर्व व्याधी त्यांस पाठ होत्या, आणि व्याधी बळावण्यापूर्वीं ते उपचार करीत. आतां आमच्यापाशीं २००४ सालची मारुति ८०० आहे. पंधरा वर्षें झाल्यावर तिच्या नोंदणीचें नूतनीकरण केलें, पांच वर्षांनीं पुन्हां केलें. ती विकावी असा घरचा आग्रह आहे. त्या वादांत येथें शिरत नाहीं.

गाडीचा भरवसा म्हणजे काय, याचा उत्तम पाठ मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनीं दिला आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत इटलीच्या फियाटच्या नमुन्यावरील जी गाडी तयार होऊं लागली, तीच पुढें प्रीमियर पद्मिनी या नांवानें प्रसिद्ध झाली. तिचें स्टिअरिंग जड, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर, उन्हाळ्यांत इंजिन तापे आणि आंत बसलेलाही तापे. असें असून ती मुंबईंत अर्धशतकाहून अधिक काळ राबली. शेवटची पद्मिनी टॅक्सी तेथील वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. ती एवढी टिकली याचें कारण तिच्या लोखंडांत कांहीं दैवी गुण होता असें नव्हे. गल्लीगल्लींत तिला उघडणारा मिस्त्री होता, तिचा प्रत्येक भाग बाजारांत मिळत होता, आणि तिच्यावर पोट भरणारा माणूस रोज सकाळीं फडकें घेऊन तिच्याभोंवतीं फिरत होता.

अलीकडच्या गाड्या यापेक्षां फार चांगल्या आहेत. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले. तेव्हांपासून तर इंजिनाच्या प्रत्येक श्वासावर विजेच्या यंत्रणेची नजर असते. इंजिन सहसा बंद पडत नाहीं. प्लग घासावा लागत नाहीं. आणि येथेंच घोटाळा झाला आहे असें आमचें मत आहे. पूर्वीं गाडी रडे, म्हणून मालक तिच्याकडे पाही. आतां ती रडत नाहीं, म्हणून कोणी पाहत नाहीं. समोरच्या पट्टीवर इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला, तर त्रास नको म्हणून त्यावर टिकली चिकटविणारे एक सद्गृहस्थ आम्हांस माहीत आहेत. टिकली त्यांच्या पत्नीची होती. गाडी अजून चालते, असें ते सांगतात.

इंजिन बंद पडलें तर माणूस उशिरां पोंचतो. टायर, ब्रेक, दिवे यांनीं दगा दिला तर तो पोंचतच नाहीं. तरी भरवशाची गाडी म्हणतांना लोक इंजिनाचीच गोष्ट बोलतात. विद्यार्थ्यांनो, आज घरीं गेल्यावर एक काम करा. गाडीच्या टायरच्या बाजूवर इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटीं चार आंकडे कोरलेले असतात, ते वाचा. २३१९ असे आंकडे असतील तर तें टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालें. रबर उन्हानें कडक होतें, त्यास सूक्ष्म भेगा पडतात, आणि आमच्याकडे वैशाखांत ऊन कसें असतें हें सांगावयास नको. खांचा दिसतात म्हणून टायर चांगलें असा समज चुकीचा आहे. उलट, मोटारीच्या टायरची खांच १.६ मिलिमीटरहून कमी राहिली असेल तर तें कायद्यानेंही बाद आहे. पावसाळ्यांत चाकाखालचें पाणी त्याच खांचांतून बाहेर पडतें. खांच नसेल तर चाक जमिनीवर न चालतां पाण्यावर तरंगतें, आणि मग ब्रेक कितीही चांगला असो, तो कोणास थांबविणार?

येथें एका एस. टी. चालकाची गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पुण्याहून नगरला १ जून १९४८ रोजीं पहिली एस. टी. सुटली, तेव्हांपासून या महामंडळाच्या गाड्यांस नांवें ठेवणें हा आपल्याकडे एक विरंगुळाच होऊन बसला आहे. खिडकीची कांच लागत नाहीं, आसन फाटलें आहे, आणि पत्रा खडखडतो. तें खोटें नाहीं. परंतु आमच्या ओळखीचे हे चालक बस आगाराबाहेर काढण्यापूर्वीं हातांत लोखंडी पहार घेऊन सहाही टायरांवर एकेक ठोका मारीत. आम्ही विद्यार्थी असतांना त्यांच्याच बसनें जात असूं. एकदां आम्हीं कारण विचारलें. ते म्हणाले, "कासाराच्या दुकानी आई भांडं वाजवून घेते ना? तसंच आहे." हवा भरलेलें टायर एका आवाजानें बोलतें, उतरलेलें दुसऱ्या. सेवानिवृत्त झाले तेव्हां त्यांच्या हातून एकही अपघात झालेला नव्हता. पंचवीस वर्षें विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकांचा महामंडळ सत्कार करतें. तसा त्यांचाही झाला. खडखडणाऱ्या पत्र्याच्या त्या बसमध्यें आम्ही निर्धास्त झोंपत असूं. भरवसा त्या गाडीचा नव्हता.

आपल्या जिल्ह्यास वाहन आणि वाहनचालक यांच्या नात्याचें ज्ञान नव्यानें शिकवावयास पाहिजे असेंही नाहीं. लाखनीचा शंकरपट पाहिलेल्यांनीं आठवून पाहावें. पटाची जोडी ज्याच्या घरीं असते तो बैलांच्या खुरांस, श्वासास, डोळ्यांस किती जपतो! कोणता बैल उजव्या अंगास ओढतो, कोणता गर्दीस बुजतो, हें त्यास अंधारांतही सांगतां येतें. शिवाय तो पटाची जोडी पटावरच सोडतो. बाजाराच्या दिवशीं भर वस्तींतून बैल उधळीत नेणाऱ्यास गांवानें शहाणा म्हटलें असतें काय? आजोबांनीं ज्या शक्तीस कासरा लावला होता, तिच्याहून कितीतरी अधिक शक्ति नातवाच्या उजव्या मुठींत आली आहे. ती मूठ पिरगळावयास मात्र कोणाची परवानगी लागत नाहीं.

आतां हांकण्याच्या रीतीविषयीं. आमच्याकडे हॉर्न हा ब्रेकचा भाऊ समजला जातो. पुढें वळण आहे, म्हणून वेग कमी करण्याऐवजीं हॉर्न वाजवावयाचा. म्हातारी रस्ता ओलांडते आहे, हॉर्न वाजवावयाचा. मालमोटारींच्या पाठीवर हॉर्न वाजविण्याची इंग्रजी विनंती रंगविलेली असे, तिच्यावर महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं बंदी घातली. पाटी पुसली गेली, संवय राहिली. रात्रीं समोरच्याच्या डोळ्यांवर प्रखर दिवा सोडणें हें तर पौरुषाचें लक्षण होऊन बसलें आहे. समोरच्यानें दिवा खालीं केला नाहीं म्हणून आपणही करावयाचा नाहीं. म्हणजे शंभर मीटरांच्या अंतरावर दोन आंधळे एकमेकांकडे धांवत येतात आणि दोघांसही वाटतें कीं आपण जिंकलों.

आमचा विषय गणिताचा, म्हणून थोडें गणित. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें २२ मीटर जाते. अडथळा डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या माणसासही सुमारें एक सेकंद लागतो. ते २२ मीटर तर ब्रेक न लागतांच गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर, टायर चांगलीं असतां, गाडी थांबावयास आणखी पस्तीस मीटर तरी लागतात. एकूण झाले सत्तावन. खालीं केलेल्या दिव्याचा उजेड साधारण चाळीस-पन्नास मीटर पडतो. याचा अर्थ असा कीं, जें दिसलें त्याच्या अलीकडे आपण थांबूंच शकत नाहीं. वेग निम्मा केला, ताशीं ४० केला, तर ब्रेक लागल्यावरचें अंतर निम्मे होत नाहीं, चौथाईवर येतें. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत असते. हा नियम नववीच्या पुस्तकांत आहे. परीक्षेंत त्यावर तीन गुणांचा प्रश्न येतो आणि मुलें तो बरोबर सोडवितात.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघात झाले व १,६८,४९१ माणसें मेलीं. एवढा आंकडा मनांत मावत नाहीं. तो ३६५ नीं भागावा. रोज सुमारें ४६१ येतात. आमच्या वर्गाची पटसंख्या ४६ धरली तर रोज दहा वर्ग रिकामे होतात. रविवारीं व सणावारींसुद्धां. मेलेल्यांपैकीं शेंकडा चव्वेचाळीसांहून अधिक दुचाकीवर होते, आणि ५०,०२९ जणांच्या डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. ज्यास आपण हेल्मेट म्हणतों तें. या माणसांच्या गाड्या बिनभरवशाच्या होत्या काय? बहुतेकांच्या उत्तम चालत होत्या.

गाडीची किंमत वाढवून हा प्रश्न सुटत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यु झाला, तेव्हां ते मोठ्या किमतीच्या, सुरक्षिततेसाठीं नांवाजलेल्या गाडींत होते. मागील आसनावरील दोघांनींही पट्टा बांधला नव्हता, आणि ते दोघेही गेले. पुढील दोघे जबर जखमी झाले, पण वांचले. तीन ठिकाणीं अडकणारा हा पट्टा व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोलिन यांनीं १९५९ सालीं तयार केला. कंपनीनें त्याचें पेटंट सर्वांस मोकळें ठेविलें, म्हणून आज तो आमच्या आठशेंतही आहे. पट्टा लावा असें म्हटलें तर मागें बसलेले पाहुणे अपमान झाल्यासारखें पाहतात. "तुमच्या चालविण्यावर आमचा भरवसा आहे," म्हणतात. समोरून येणाऱ्यावर कसा आहे, हें विचारण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतों. इतका वेळ वळलों नाहीं, याचें कारण वाचकांस पुढें कळेल.

आमच्या वर्गांत खिडकीपाशीं एक मुलगा बसत असे. त्याचें नांव लिहीत नाहीं. परमेश्वरानें त्यास असा कान दिला होता कीं, त्यापुढें आमचें ज्ञान फिकें पडे. फळ्याकडे पाहत असतांना बाहेरून मालमोटार गेली कीं तो ओंठांत पुटपुटे, "मागचं बेअरिंग गेलं." मधल्या सुटींत आम्ही मुद्दाम जाऊन पाहिलें आहे; बेअरिंग खरोखरच गेलेलें असे. आम्हीं त्याचें कौतुक शिक्षकांच्या खोलींत केलें, मुख्याध्यापकांपाशीं केलें, आणि एका शनिवारीं, शाळा सुटल्यावर, मैदान मोकळें असतां, आमची फटफटी त्याच्या हातीं दिली. तो पंधरा वर्षांचा होता. त्यानें मैदानास दोन फेऱ्या मारल्या. क्लच असा सोडला कीं गाडीस कळलें नसेल. तो उतरला तेव्हां आम्ही म्हणालों, "शाबास! तुझा हात बसला आहे."

हें वाक्य त्यानें घरीं सांगितलें. सांगणारच. महिन्याभरांत थोरल्या भावाची फटफटी त्यास शाळेस व शिकवणीस नेण्याची मुभा मिळाली. आम्ही त्यास ती नेतांना पाहत होतों. "जपून रे बाबा" याहून अधिक आम्ही कांहीं बोललों नाहीं.

कार्तिकांतील, धानाच्या कापणीचे दिवस होते. शिकवणी आटोपून साडेसातच्या सुमारास तो मोहाडीच्या रस्त्यानें घरीं निघाला. पुढें धानाच्या पोत्यांनीं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चालली होती. तिच्या मागें दिवा नव्हता. दुपारीं पोतीं चढवितांना तो फुटला होता. लाल चकाकती पट्टीही नव्हती, जिची किंमत एका पोत्यांतील चार पायल्या धानाइतकीही नसते. समोरून प्रखर दिवे सोडून एक मालमोटार आली. ती निघून गेल्यावर जो अंधार झाला, त्यांत ट्रॉली होती. हेल्मेट त्याजपाशीं होतें. तें डाव्या कोंपरांत अडकविलेलें होतें. जमलेले लोक पोलिसांच्या चौकशीच्या भयानें हात लावीनात. अपघातांत मदत करणाऱ्यास साक्षीची सक्ति किंवा त्रास होऊं नये, असे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश २०१६ पासून आहेत, आणि २०१९ पासून तो कायदाही आहे; पण हें कोणास ठाऊक नव्हतें. शेवटीं त्या ट्रॉलीच्या मालकानेंच, रडत रडत, त्यास उचलून दवाखान्यांत नेलें.

तो वांचला. नागपुरास चाळीस दिवस होता. मांडीचें हाड जोडलें गेलें. वर्ष वाया गेलें, तें भरून निघेल. परंतु कवटीच्या उजव्या बाजूस जी भेग पडली, तिनें त्याचा उजवा कान कायमचा नेला. फटफटीचें पुढचें चाक वांकलें होतें; तें दोन दिवसांत दुरुस्त झालें. गाडी भरवशाची होती.

आम्ही दवाखान्यांत भेटावयास गेलों, तेव्हां त्याच्या वडिलांनीं आम्हांस दोष दिला नाहीं. चहा आणविला. बऱ्याच वेळानें, खालीं पाहत, एवढेंच म्हणाले, "तुमीच म्हनलं होतं ना जी सर, हात बसला म्हनून?" हात खरोखरच बसला होता. डोळा बसावयाचा होता. अंधारांत काय असूं शकतें हें ओळखणारी भीति बसावयाची होती, आणि ती पंधराव्या वर्षीं कोणासच नसते. अठरा वर्षांची अट कायद्यानें ठेविली ती याचसाठीं असावी. पन्नास सी.सी.पर्यंतच्या दुचाकीस सोळा वर्षें चालतात. परंतु तसल्या गाड्या आतां दिसतात कोठें? २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अल्पवयी मुलानें गाडी चालवून गुन्हा केला तर पालकास अथवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. या कलमांत शिक्षकांचा उल्लेख नाहीं. हें आम्हीं पुन्हां पुन्हां वाचून पाहिलें आहे, आणि त्यानें आम्हांस कांहीं समाधान झालेलें नाहीं.

आमच्या शाळेनें गेल्या वर्षीं विद्यार्थ्यांच्या फटफट्यांस फाटकाच्या आंत बंदी केली. त्या आतां समोरच्या पानठेल्यामागें उभ्या राहतात. आम्ही रोज मोजतों. आज चौदा होत्या. पालकांपाशीं विषय काढला कीं उत्तर ठरलेलें असतें: "पोट्टा बराबर चालवते जी!" या वाक्यांत बापाचा अभिमान आहे, आणि तो आम्हांस समजतो, कारण तोच आम्हीं एकदां भोगला आहे. कांहीं पालकांचें म्हणणें निराळें व खरें आहे. गांव बारा किलोमीटर दूर. शाळा सुटते तेव्हां बस निघून गेलेली असते. शिकवणी अंधार पडल्यावर सुटते. मुलींस अहिल्याबाई होळकर योजनेखालीं एस. टी.चा पास विनामूल्य आहे, मुलांस तिकिटाच्या एक तृतीयांशांत आहे. पण बसच नसेल तर पास घेऊन काय करावयाचें? म्हणून आमची विनंती अशी आहे कीं, एका एका रस्त्यावरील पालकांनीं एकत्र येऊन आगार व्यवस्थापकांकडे अर्ज करावा. शाळेचें पत्र आम्ही जोडूं, अर्ज घेऊन स्वतः जाऊं, आणि वेळ बदलेपर्यंत जात राहूं. शिकवणी चालविणाऱ्यांशींही बोलूं. सूर्यास्तानंतर दशमीच्या मुलास बीजगणित अधिक चांगलें समजतें, असा आमचा तरी अनुभव नाहीं. आणि ज्यांचें घर पांच-सहा किलोमीटरांच्या आंत आहे त्यांस सायकल आहे. सायकल गरिबीचें चिन्ह वाटते, हें आम्हांस ठाऊक आहे. या जिल्ह्यांतील कित्येक डॉक्टर व वकील याच रस्त्यांनीं सायकलवर शाळेंत आले; त्यांची मुलेंच आज पानठेल्यामागें गाड्या लावतात.

ज्यांच्या घरीं ट्रॅक्टर आहे त्यांनीं रोवणी संपल्यावर, कापणीपूर्वीं, ट्रॉलीच्या मागें लाल पट्टी लावून घ्यावी. पैशाची अडचण असेल तर शाळेंत यावें. स्काउटच्या मुलांनीं गेल्या दिवाळीपूर्वीं त्रेचाळीस ट्रॉल्यांस पट्ट्या लावल्या आहेत. रीळ अजून शिल्लक आहे.

राहिला मूळचा प्रश्न. ज्यांस गाडी घेणेंच आहे त्यांनीं, ज्या गाडीचा मिस्त्री व सुटे भाग आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळतात, ती घ्यावी. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन-कॅप नांवाची टकरीची परीक्षा आपल्या देशांत होते. तिचे तारे पाहावेत. दुचाकी घेतांना चाक न अडकतां थांबविणारा ब्रेक, ज्यास ए.बी.एस. म्हणतात, तो असेल तर चार पैसे अधिक द्यावेत. रंगाचा विचार शेवटीं करावा. तो प्रथम होतो. आणि चालविणाऱ्याचें वय किती, हें आम्ही आतां आरंभींच विचारतों. पुष्कळांस त्याचा राग येतो, व मग ते दुसऱ्या कोणास तरी विचारतात. भरवशाच्या म्हशीस टोणगा होतो हें आपल्या भाषेस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. गाडीच्या बाबतींत मात्र ती म्हण कोणास आठवत नाहीं.

तो मुलगा गेल्या उन्हाळ्यांत परीक्षा उत्तीर्ण झाला आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत मोटार मेकॅनिकच्या वर्गांत दाखल झाला आहे. रविवारीं कधीं कधीं आमच्याकडे येतो, बसनें. एका कानास ऐकूं येत नसलें म्हणजे आवाज कसला तो कळतो, पण कोणत्या दिशेनें आला तें कळत नाहीं. म्हणून रस्ता ओलांडतांना तो थांबून दोन्हीं बाजूंस मान वळवून पाहतो. मागच्या रविवारीं आमची आठशे अंगणांत सुरू होती. तो आमच्या उजव्या हातास उभा राहिला, कारण त्या बाजूनें त्याचा चांगला कान आमच्याकडे येतो. मान किंचित् कलती करून त्यानें ऐकलें आणि म्हणाला, "सर, तिघांतला एक चुकतो आहे." प्लग काढून पाहिले. दोन कोरडे तपकिरी होते. तिसरा काळा होता. पॉलिश कागद घरांत होताच.